आवणीच्या महिन्यात वाच

प्रिय,
सप्रेम जिंदाबाद.

तुझं पत्र मिळालं. मार्चअखेरची धावपळ, मेअखेर भरायचा देणग्यांचा १०बीडी फॉर्म, डिसेंबरअखेरचा परदेशी निधीचा एफसी-४, कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांचे तिमाही अहवाल, त्यात सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांच्या फेऱ्या. रात्री पुस्तक उघडलं की दुसऱ्याच पानावर डोळा लागतो, असं लिहिलं आहेस. मग वाचू तरी कधी, असं विचारतेस.

रात्री वाचूच नकोस. दिवसभर माणसांत वावरून आलेल्या जिवाला तेव्हा झोप हवी असते आणि ती घ्यावी. तू वाचनाला कामातून उरलेल्या वेळात बसवू पाहतेस, आणि सामाजिक संस्था चालवणाऱ्याच्या दिवसात वेळ उरतच नाही. कार्यालयाच्या वेळेत वाच. बैठक लिहितेस तसं डायरीत लिहून ठेव, सहकाऱ्यांना सांग, त्या तासात फोन दुसऱ्या कुणाकडे दे. सुरुवातीला अपराधी वाटेल. बाहेर लोक थांबलेत आणि ताई आत पुस्तक घेऊन बसल्यात, हे आपल्या क्षेत्रात शोभत नाही असंच आपल्या मनावर बिंबलेलं असतं. पण प्रमुख वाचत नसेल तर त्याची झळ प्रमुखाला बसत नाही, पाड्यावरच्या माणसाला बसते.

वनहक्काचंच बघ, म्हणजे पिढ्यानपिढ्या कसलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचं. ‘वनखात्याच्या दंडाची पावती नाही, म्हणून दावा बसत नाही,’ हे वाक्य तू किती पाड्यांवर ऐकलं असशील! वनहक्क कायदा २००६चा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासूनचे. त्यातल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब त्या यादीत आहे. पुरावे एकाहून अधिक जोडायचे, हेही तिथेच म्हटलंय. पुढे २०१२च्या दुरुस्तीने दावे तपासणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हा समितीने अमुकच कागद हवा असा आग्रह धरू नये, हे स्पष्ट केलं. एवढा मजकूर ज्याने मुळातून वाचलाय तो कार्यकर्ता समितीपुढे वेगळ्या आवाजात बोलतो. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर मात्र ‘आवश्यक कागदपत्रे’ एवढी एक ओळ उरते, आणि तिच्या भरवशावर आपण म्हाताऱ्या माणसाला पुन्हा तालुक्याला पाठवतो. म्हणून कायदा, नियम, शासन निर्णय हे सारांशातून वाचू नकोस. आपल्या कामाला लागणारी मूळ पानं फार नसतात.

ती एकटीनेही वाचू नकोस. आठवड्याच्या बैठकीत अहवालांच्या आधी एक पान मोठ्याने वाचा. तुझ्याकडची दहावीपर्यंत शिकलेली कोकणा आणि वारली मुलं अशा वाचनात समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेल्यांच्या पुढे जातात, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. नियमातला शब्द आला की त्यांना लगेच कुणाची तरी जमीन आठवते, कुठला तरी ओढा आठवतो. मग ते असा प्रश्न विचारतात की पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. त्याला वेळ लागू दे.

दुसरं वाचन इतिहासाचं, आणि यावर मी थोडा हट्ट धरणार आहे. तू नाशिकला राहतेस. काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथे २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला आणि त्या काळात दार उघडलं नाही. दादासाहेब गायकवाड तो इथे लढवत होते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं छापलेली आहेत, ती मिळवून वाच. मार्च १९३४ मधल्या एका पत्रात बाबासाहेब सांगतात की समाजाने मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा सत्याग्रह सुरू केला नव्हता; समाजात चेतना आणण्याचा तो मार्ग होता, ते काम झालंय, आता शक्ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. तीन वर्षांच्या प्रकल्पाची उद्दिष्टं लिहिताना मला हे पत्र नेहमी आठवतं. हाती घेतलेला कार्यक्रम कशासाठी होता आणि तो कधी थांबवायचा, हे देणगीदाराच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात मावत नाही. असा निर्णय घ्यायची वेळ तुझ्यावरही येईल, आणि तेव्हा हे वाचलेलं असावं.

व्यवस्थापन आणि नेतृत्वावरची पुस्तकं चाळलीस तरी चालतील.

कथा-कविता मात्र सोडू नकोस. त्यांच्यातून संस्थेला काय मिळेल हे विचारू नकोस, त्या तुझ्यासाठी आहेत. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, तिथली वर्गणी भर. परत करायची तारीख असली की पुस्तक उशाशी पडून राहत नाही. आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटी मिळते, त्याची चौकशी कर. सुरगाण्याच्या केंद्रात अशी पेटी हवी, असं मला फार वाटतं.

मोठं वाचन कधी करायचं, हे भागाच्या कामाकडे पाहून ठरव. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की पेठ-सुरगाण्यात कुणाला सभेला यायला फुरसत नसते, आणि आपण बोलावूही नये. ते आठवडे जाड पुस्तकांचे. दिवाळीनंतर माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तेव्हा पाड्यावर जाण्याऐवजी तू बागांवर जात असशील. त्या दिवसांत नियमाचं एखादं पान झालं तरी खूप. मार्चमध्ये काहीच झालं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, एप्रिलमध्ये डायरीतला तो तास पुन्हा लिही.

एक वही कर. त्यात उतारे उतरवत बसू नकोस, कामातले न सुटलेले प्रश्न लिही आणि वाचताना ज्याला काही सापडेल त्याच्यापुढे पुस्तकाचं नाव आणि पान लिही. सध्याचा तुझा प्रश्न सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात पुढे काय, हा आहे ना? मग पहिलं पान त्याचंच.

पत्रांचा तो संग्रह माझ्याकडे आहे. पुढच्या खेपेला घरी ये आणि घेऊन जा. येताना तुझ्या बैठकीत तेराव्या नियमावर मुलांनी काय विचारलं, ते लिहून आण. मला ते प्रश्न हवेत.

तुझा,
भाऊ