पावडर, पूड आणि फुफाटा

सोलापुरातल्या विजापूर वेशीतल्या एका वाचकांनी विचारलं आहे: मुलगा अमेरिकेत, व्हर्माँटला असतो. तिथल्या मॅड रिव्हर ग्लेन नावाच्या लहानशा डोंगरावर रात्रीतून फूटभर ताजं हिम पडलं आणि सकाळी निम्मं गाव कामाला दांडी मारून स्कीइंगला गेलं. ‘आज पावडर डे होता’ असं तो फोनवर सांगत होता; अशा ताज्या, कोरड्या, भुसभुशीत हिमाला तिकडे ‘पावडर’ म्हणतात. एका जाणकारांनी त्याला ‘हिमचूर्णदिन’ हा प्रतिशब्द सुचवला. तो बरोबर आहे का?

अजिबात नाही. चूर्ण म्हणजे कुटून, दळून केलेली वस्तू. त्रिफळ्याचं चूर्ण होतं, कारण कुणीतरी ते खलबत्त्यात कुटतं. हे हिम कुणी कुटलेलं नाही. ढगात, उणे १५ अंशांच्या आसपास, त्याचे सहा फांद्यांचे नाजूक स्फटिक तयार होतात. खाली साचताना फांद्या एकमेकींत अडकतात आणि मधे हवा राहते. ताज्या, कोरड्या थरात ९० टक्क्यांहून अधिक हवाच असते. त्याचा गोळासुद्धा वळत नाही. मूठ दाबावी तर बोटांच्या फटींतून सगळं निसटतं. वर्तमानपत्रं दर हिवाळ्यात काश्मीरवर ‘बर्फाची चादर’ पसरतात, त्याचाही मला राग येतो. सोलापुरात राहून हे वाचवत नाही. चादरीला ताणा-बाणा असतो, एक टोक ओढलं की अख्खी चादर येते. या हिमाला असलं काही नसतं.

हिम म्हणावं की बर्फ, या वादात मी शिरत नाही. एवढंच सांगतो की फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडतं तेच. गोठलेल्या पाण्याला तिकडे ‘यख’ म्हणतात. तेव्हा ‘बर्फ पडला’ म्हणणाऱ्याला हटकणाऱ्यांनी आधी फारसीचा कोश उघडावा. माधवराव पटवर्धनांनी तो १९२५ सालीच मराठीत करून ठेवला आहे.

आता मुख्य मुद्दा, ‘पावडर’चा आपला साधा प्रतिशब्द ‘पूड’. ‘पूड’ संस्कृत ‘पुट’पासून आली, कारण ती पुडीत बांधतात, असं सांगणारे मला वारंवार भेटतात. पुडी ‘पुट’पासून आली हे मान्य. पण वस्तूचं नाव तिच्या वेष्टनावरून पडलं हे मला पटत नाही. मिरची कुटली की तिची पूड झाली, मग ती डब्यात भरा नाहीतर परातीत पसरा. असं सांगणाऱ्यांनी एकदा सोलापुरात यावं आणि कान उघडे ठेवावेत. इथल्या कन्नड घरात चटणीला ‘चटणी पुडि’ म्हणतात. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात तीच ‘पोडि’ होते. तमिळमध्येही ‘पोडि’च. कन्नडात शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ होतो, जुन्या ‘पालु’चं ‘हालु’ झालं, तसं ‘पुडि’बरोबर ‘हुडि’ही चालतं. इतक्या भाषांच्या घरांतून एकच शब्द नांदतो आहे, आणि आपण मात्र त्याला ओढूनताणून पुडीत बांधतो! माझ्या मते मराठीची ‘पूड’ ही याच घराण्यातली. आणि या घराण्यात पुडि, पोडि म्हणजे नुसता दळलेला मसाला नव्हे, धूळसुद्धा. तिकडे इंग्रजांचं ‘पावडर’ फ्रेंचमधून आलं, फ्रेंचनं ते लॅटिनच्या ‘पुल्विस’वरून घेतलं, आणि ‘पुल्विस’ म्हणजेही धूळ. दोन्हीकडे मुळाशी धूळच.

आणि धुळीसाठी आपल्याकडे शब्दांची वाण आहे का? गाडीवाटेवर बैलांच्या खुरांनी आणि चाकांनी मऊ झालेली, घोट्यापर्यंत पाय रुतणारी, पाऊल टाकलं की ‘फुस्स’ करून उडणारी जी माती असते, ती फुफाटा. स्कीइंग करणारे पावडरीचं जे वर्णन करतात ते नेमकं हेच आहे: पाय बुडतो पण आपटत नाही, वळलं की हिम छातीपर्यंत उसळतं, मागे फवारा राहतो. ‘फुफाटा’ माझ्या मते ‘फू’ या आवाजातूनच निघाला. फुंकर आणि फुप्फुस हे त्याचे सख्खे भाऊ. फुफाटा गरमच असतो, ‘आगीतून फुफाट्यात’ म्हणतात ना, असा आक्षेप येईल. त्या म्हणीत तो गरम राखेचा आहे. पण माघातल्या पहाटे उसाच्या गाडीवाटेनं अनवाणी चाललेल्याला विचारा, फुफाटा किती गार लागतो ते.

मॅड रिव्हर ग्लेनबद्दल एक सांगायलाच हवं. १९९५ पासून तो डोंगर तिथं स्कीइंग करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकारी कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे ऐकून आनंद होतो. तिथं डोंगरावर नेणाऱ्या एका दोरमार्गाच्या पाळण्यात एका वेळी एकच माणूस बसतो, त्यामुळे वर गर्दी हळूहळू पोचते आणि ताजं हिम जास्त वेळ अस्पर्श राहतं.

राहिला ‘डे’. त्याचं ‘दिन’ करायची काही गरज नाही. आपण ‘बाजारदिन आहे’ म्हणत नाही, ‘आज बाजार आहे’ म्हणतो. मुलानं फोनवर सरळ सांगावं: रात्री फूटभर फुफाटा पडलाय, आज कामावर जात नाही.