डॉक्युमेंटेशनला करिअर म्हणता येईल का?

प्रश्न : मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्यूटी लायब्ररीत (पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, चित्रं यांसाठीचा तयार कोड) प्रोजेक्ट करताना चित्र काढणाऱ्या फंक्शन्सची माहिती, म्हणजे डॉक्युमेंटेशन, मी ग्रुपसाठी सोपी करून लिहिली. त्यात फार रमले. घरचे म्हणतात, ज्यांना कोडिंग जमत नाही तेच डॉक्युमेंटेशन लिहितात. यात पुढे काही आहे का?

उत्तर : आहे. पण घरच्यांचं ते वाक्य खरं धरलंस तर तयारीच चुकीची होईल, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

क्यूटीत चित्र काढणाऱ्या क्यूपेंटर क्लासचं ड्रॉआर्क, म्हणजे कमान काढणारं फंक्शन, तू वापरलंच असशील. त्याला कोन अंशांत द्यायचा नसतो, अंशाच्या सोळाव्या भागात द्यायचा असतो. पूर्ण वर्तुळ म्हणजे ५७६०. काटकोनाएवढी कमान हवी म्हणून कुणी ९० लिहिलं, तर पडद्यावर साडेपाच अंशांच्या आसपासचा तुकडा उमटतो आणि एररही येत नाही! शून्य अंश घड्याळातल्या तीनच्या जागी, आणि धन कोन काट्यांच्या उलट दिशेने. ब्राउझरच्या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपेजवरच्या चित्र काढायच्या जागेत, हेच काम रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात चालतं, आणि दिशा सांगितली नाही तर काट्यांच्या दिशेने. जावाच्या जुन्या ग्राफिक्स क्लासमध्ये आयताची चौकट काढणाऱ्या ड्रॉरेक्टला रुंदी १० दिली की चौकट ११ पिक्सेल व्यापते. आयत रंगाने भरणारं फिलरेक्ट मात्र १०च भरतं.

फंक्शनच्या नावावरून यातलं काही कळतं का? नाही. कोड चालवून, पडदा मोठा करून पिक्सेल मोजावे लागतात, कधी सोर्समध्ये शिरावं लागतं. ज्याला कोड वाचता येत नाही त्याला हे लिहिता येणार नाही. म्हणून कोडिंग सोडू नकोस, सी++ वाचण्याचा सराव तर वाढवच.

आता एकच फंक्शन घे आणि नीट लिही. रुंदी शून्य दिली तर काय होतं, ऋण दिली तर, पेन जाड केलं तर रेषा कुठे सरकते, अँटिएलियासिंग (कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणूनची सोय) चालू केल्यावर कडा कशा दिसतात. प्रत्येकासोबत चालणारं छोटं उदाहरण आणि त्याचं चित्र हवं. चित्राशिवाय ड्रॉइंगचं डॉक्युमेंटेशन मला अपुरंच वाटतं. डब्ल्यूएक्सविजेट्स, एफएलटीके अशा ओपन सोर्स लायब्रऱ्यांची माहिती कोडसोबतच्या कॉमेंट्समधून डॉक्सिजेन नावाचं टूल तयार करतं. तिथली दुरुस्ती कोडसारखीच गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) पाठवायची असते आणि जाणकार ती तपासतात. अशी दोन-तीन कामं स्वीकारली गेली तर ती बायोडेटात सर्वांत वर टाक.

एक गोष्ट स्पष्ट सांगते : टेक्निकल रायटरच्या, म्हणजे डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याच्या, जागा डेव्हलपरपेक्षा बऱ्याच कमी असतात. पुणे, बंगळुरू, हैदराबादमध्ये त्या निघतात. पण डेव्हलपरांसाठी लिहिणाऱ्याकडून कोड वाचता येण्याची अपेक्षा असते. पहिला मसुदा आता एआयही लिहून देतं, पण तो अंश आणि अंशाचा सोळावा भाग यांत घोळ घालतोय का हे पडद्यावर पाहून सांगणारं माणूस लागतंच. त्यामुळे कॅम्पस प्लेसमेंटला दोन्ही पदांसाठी अर्ज कर, आणि डेव्हलपर म्हणून आधी निवड झाली तर ती नोकरी बिनधास्त घे. टीमचं डॉक्युमेंटेशन तिथे स्वतःहून मागून घेता येतं.