आधी तोंडाला कुलूप

पोरी,

दवाखान्यातर्फे गुप्तरोगांवर घेतेस त्या सभेला बायकाच येतात, पुरुष लांबून बघून निघून जातात, एखादा पुरुष कार्यकर्ता मिळाला तर बरं होईल, असं तू लिहितेस. मिळेल की. पण बेटावरचा कार्यकर्ता म्हणजे कुणाचा तरी मेहुणा, नाहीतर चुलतभाऊ. त्याच्या तोंडाला कुलूप नसेल तर तू एकटी होतीस तेच बरं.

आणि पुरुष लाजतात हे मला सांगू नकोस. धक्क्यावरच्या त्यांच्या गप्पा ऐक एकदा. त्यांना धाक आहे तो बातमी फुटण्याचा. शहरातला माणूस चार गल्ल्या सोडून दुसऱ्या दवाखान्यात जातो. बेटावर दुसरा दवाखाना गाठायचा म्हणजे बोट, आणि बोटीत कोण चढलं ते सगळ्यांना दिसतं.

म्हणून आधी गुप्तता. शिक्षण नंतर. ‘गुप्तरोग तपासणी, दर बुधवारी’ अशी पाटी चुकूनही लावू नकोस. बुधवारी आलेला प्रत्येक जण गावाच्या लेखी रोगी. रक्तदाब, साखर, जखमेचं ड्रेसिंग आणि हे, सगळ्यांना एकच बाक, एकच दार. दार उघडायचं ते होड्या परतल्यावर, तुझ्या सोयीने सकाळी नव्हे. आणि ते रजिस्टर! टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर समोरचा माणूस उलटं वाचतो. रांगेत त्याला दुसरं काम काय असतं?

कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १९९४ साली पुरुषांच्या जबाबदारीचा ठराव झाला. ठराव चांगलाच आहे. रजिस्टर कुठे ठेवायचं ते मात्र आपलं आपणच बघायचं.

सिफिलिसचंच घे. पहिला व्रण बहुधा दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. गडी म्हणतो, बरा झालो, आणि समुद्रावर जातो. आजार आत तसाच. इकडे गरोदर बायकोची तपासणी होते, तिला पेनिसिलिन मिळतं. नवरा तसाच राहिला तर तिला पुन्हा लागण, आणि पोटातल्या बाळाचा जीव धोक्यात. त्याला बोलवायलाच हवं. पण चिठ्ठीवर आजाराचं नाव घालू नकोस. बेटावर कुठलीही चिठ्ठी पोचायच्या आधी उघडली जाते.

एचआयव्हीची स्वतः करायची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून सुचवली आहे. ती मागून घे. बंद खोलीत माणूस स्वतःच बघतो. पॉझिटिव्ह आली तर पक्की तपासणी करावी लागते, तेवढं आधीच सांग.

आता वरून विचारणा होईल, रुग्णांचे आकडे इतके त्रोटक का. मलाही झाली. वस्तीवार, वयवार तक्ता मागितला होता. वीस-पंचवीस घरांच्या वस्तीपुढे ‘पुरुष, ४० ते ४५, एक’ लिहिलं की नाव लिहायचं राहिलं कुठे? मी अख्ख्या बेटाचा मिळून एकच आकडा पाठवला. हट्टी ठरले, बढती अडली. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू. पेन्शनला फरक पडतो. पण तो तक्ता मी आजही देणार नाही, आणि तूही द्यायचा नाहीस.