हवाईतल्या गावांची हिस्पॅनिक टक्केवारी: यादीतली वरची दहा गावं थेट उचलू नका

तुम्ही लिहिलंय की पब्लिक हेल्थच्या प्रोजेक्टसाठी हवाईतल्या सगळ्या गावांची हिस्पॅनिक-लॅटिनो (म्हणजे मूळ स्पॅनिश भाषक देशांतलं असलेल्या लोकांची) टक्केवारी काढली, उतरत्या क्रमाने लावली, आता वरची दहा गावं घेऊन तिथे स्पॅनिश पत्रकं वाटायची आहेत, फक्त एका ऑफिसकडून आलेल्या शीटची बेरीज जुळत नाहीये. ताई, बेरजेचं आपण बघू, पण ती पत्रकं अजून छापायला दिली नसतील तर प्लीज थांबा. अगदी हेच काम मी २०१३ मध्ये बिग आयलंडवर (हवाई राज्यातलं सगळ्यात मोठं बेट, हवाई काउंटी म्हणतात ती हीच) राहत असताना एका छोट्या संस्थेसाठी केलं होतं, आमच्याकडे तपासणी शिबिरं आणि स्पॅनिश दुभाष्यांसाठी एका वर्षाचे पैसे होते आणि त्यातले अर्ध्याहून जास्त माझ्या त्या यादीमुळे चुकीच्या ठिकाणी गेले. आजही त्याचं वाईट वाटतं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधीच सांगते, मी जनगणनेची तज्ज्ञ नाही, आकडेवारी शिकले ती काम करता करता, त्यामुळे कुणाला काही चुकीचं वाटलं तर जरूर सांगा. डेटा कुठून डाउनलोड करायचा वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देते.

तुमच्या शीटचं बघू. माझ्याकडेही अशीच एक शीट आली होती. एका सरकारी ऑफिसकडे मी गावनिहाय आकडे मागितले, सहा आठवडे फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, मग एक फाईल आली ज्यात गोरे, एशियन, नेटिव्ह हवाईयन असे कॉलम होते आणि त्यांच्याच रांगेत हिस्पॅनिक हा एक कॉलम. बेरीज शंभरच्या कितीतरी पुढे. मी विचारलं तर उत्तर आलं की डेटा बरोबर आहे. डेटा बरोबर होताच, पण तो कसा वाचायचा हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही! अमेरिकन जनगणनेत हिस्पॅनिक असणं हा वंश धरलेला नाही, तो वेगळा प्रश्न आहे, म्हणजे माणूस हिस्पॅनिक असून गोराही असू शकतो, नेटिव्ह हवाईयनही, फिलिपिनोही. त्यात हवाईमध्ये २०२० ला २५.३ टक्के लोकांनी दोन किंवा जास्त वंश लिहिलेत, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त. मग 'फक्त एक वंश किंवा इतरांसोबत' असा कॉलम घेतला की तोच माणूस दोन-तीन ठिकाणी मोजला जातो. तुमच्या शीटमध्ये हेच झालं असणार. जनगणना खात्याचं बी०३००२ (B03002) नावाचं टेबल घ्या, त्यात हिस्पॅनिक एकीकडे आणि बिगर-हिस्पॅनिक लोकांची वंशवार फोड दुसरीकडे असते, बेरीज जुळते. (२०२४ च्या मार्चमध्ये नियम बदलला, त्यानुसार पुढे हे दोन प्रश्न एकत्र व्हायचेत, तसं झालं तर २०३० चे आकडे २०२० शी लावून बघताना परत डोकेदुखी आहेच.)

पण खरं नुकसान या शीटमुळे नाही झालं. खरं नुकसान झालं कारण मी टक्केवारी बघितली आणि माणसं बघितली नाहीत.

यादी लावली की वरच्या भागात लष्करी तळ येतातच. स्कोफील्ड बॅरेक्स, व्हीलर, कानेओहेचा मरीन तळ. हे जनगणनेत स्वतंत्र 'गाव' म्हणून मोजले जातात. तिथली टक्केवारी राज्याच्या सरासरीच्या वर असते कारण अमेरिकन सैन्यातच हिस्पॅनिक तरुणांचं प्रमाण चांगलं आहे, टेक्सास-कॅलिफोर्नियाकडची मुलं, दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेली, इंग्रजीच बोलणारी, आणि त्यांचे दवाखाने लष्कराचे. आम्ही पहिलं शिबिर ओआहू बेटावरच्या वाहियावाला घेतलं, स्कोफील्डच्या अगदी लगत, यादीप्रमाणे. दोन दुभाषे दिवसभर बसून होते. स्पॅनिशची गरज असलेली चार माणसं आली. बाकी जी आली त्यांना तपासणी हवी होती, ती आम्ही केली, पण त्यासाठी दुभाष्यांना दिवसाचे पैसे द्यायची गरज नव्हती.

दुसरं शिबिर एका जुन्या ऊसमळ्याच्या गावात. टक्केवारी मस्त, गाव लहान, मला वाटलं इथे तरी नक्की. एक आजी आल्या, पत्रक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि पिजिनमध्ये (हवाईतली इंग्रजीमिश्रित बोली) म्हणाल्या की हे माझ्या आजोबांनी वाचलं असतं. त्या पोर्तोरिकन होत्या, म्हणजे मूळच्या कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाच्या, चौथी पिढी. मी घरी येऊन इतिहास वाचला, जो खरं तर आधी वाचायला हवा होता. १८९९ च्या ऑगस्टमध्ये सान सिरियाको चक्रीवादळाने पोर्तो रिकोतली कॉफीची शेती उद्ध्वस्त केली, इकडे हवाईच्या साखर मळेवाल्यांना मजूर हवे होते, आणि २३ डिसेंबर १९०० ला ५६ जणांची पहिली तुकडी होनोलुलुला उतरली. जहाजाने न्यू ऑर्लिन्स, तिथून रेल्वेने कॅलिफोर्निया, परत जहाज. पुढच्या वर्षभरात जवळजवळ ५,००० लोक आले. त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आज जनगणनेच्या फॉर्मवर अभिमानाने हिस्पॅनिक लिहितात आणि लिहायलाच हवं, पण घरात स्पॅनिश केव्हाच मागे पडली. २०१० ला राज्यात १,२०,८४२ हिस्पॅनिक होते, म्हणजे ८.९ टक्के, त्यातले ४४,११६ पोर्तोरिकन आणि ३५,४१५ मेक्सिकन. कॅलिफोर्नियातला अंदाज घेऊन इथे आलात तर फसाल, कारण तिथे हिस्पॅनिक म्हटलं की पहिल्यांदा मेक्सिकन डोळ्यासमोर येतात, इथे सगळ्यात मोठा गट शंभर वर्षांपूर्वी आलेल्यांचा.

आणि मग कोना, बिग आयलंडचा पश्चिम किनारा. हे सांगताना अजून जीवाला लागतं. कॅप्टन कुक, केआलाकेकुआ या कॉफीच्या पट्ट्यातली गावं माझ्या यादीत पहिल्या दहात नव्हती, म्हणून तिथे आम्ही एप्रिलमध्ये एक उगाच धावती फेरी मारली, फार कुणी भेटलं नाही, आणि मी ती गावं काढून टाकली. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच कामाला गेले तर मळ्यांमध्ये तोडणी चालू, मेक्सिकोहून आलेले मजूर, बायका-पोरं सोबत, सगळीकडे स्पॅनिश ऐकू येतेय. एका बाईंनी मला तिच्या मुलाच्या खोकल्याबद्दल विचारलं आणि माझ्याजवळ ना पत्रक होतं ना दुभाष्या, पैसे वाहियावाला संपले होते. कोनाची कॉफी साधारण ऑगस्टअखेरीपासून जानेवारीपर्यंत तोडतात. जनगणनेचा दिवस १ एप्रिल, आणि माणूस वर्षातला बहुतेक काळ जिथे राहतो तिथे मोजला जातो. म्हणजे हंगामाला येणारा माणूस तुमच्या टक्केवारीत येणारच नाही!! आपल्याकडे ऊसतोडीची माणसं दिवाळीनंतर गाव सोडतात आणि पावसाळ्यात कारखान्याच्या भागात बघून कुणी म्हणावं की इथे मजूरच नसतात, तसंच हे झालं.

म्हणून माझं स्पष्ट मत, तुमचं काम भाषेचं असेल तर हिस्पॅनिक टक्केवारी हा प्रश्नच चुकीचा आहे. घरात कुठली भाषा बोलतात आणि इंग्रजी कितपत येते याचं सी१६००१ (C16001) टेबल घ्या. मूळ कुठलं हे बघायला बी०३००१ (B03001). तुमचं काम जर संस्कृतीचं, इतिहासाचं असेल तर मात्र टक्केवारी उपयोगी आहे, ते नाकारत नाही.

अजून एक, 'गाव' या शब्दाबद्दल. हवाईत नगरपालिका नावाची गोष्टच नाही, जे आहे ते सगळं काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखी). होनोलुलु सिटी अँड काउंटी म्हणजे अख्खं ओआहू बेट, २०२० ला १०,१६,५०८ लोक, आणि यादीत जे 'अर्बन होनोलुलु' दिसतं ते ३,५०,९६४. ही गावं जनगणनेने आकडे मांडायला आखलेली आहेत, आपल्याकडे नगरपालिका नसलेल्या मोठ्या गावाला जनगणना शहर म्हणतात तसंच काहीसं. हद्दी दर दहा वर्षांनी बदलू शकतात. २००० ला होनोलुलुचे ३,७१,६५७ होते आणि २०१० ला ३,३७,२५६ झाले, ते माणसं पळून गेली म्हणून नाही, ईस्ट होनोलुलु वेगळं काढलं म्हणून. त्यामुळे 'अमुक गावात हिस्पॅनिक वाढले' असं लिहिण्याआधी नकाशा बघा. काउंटी पातळीवर तुलना केलीत तर सुरक्षित आहे, २०१० ला हवाई काउंटी ११.६, माउई १०.१, काउआई ९.४ आणि होनोलुलु ८.१ टक्के होतं. बघा, सगळ्यात मोठं शहर असलेली काउंटी सगळ्यात खाली आहे, हे मला तेव्हा खूप आश्चर्याचं वाटलं होतं. राज्याचं २००० ला ७.२ होतं, २०२० ला ९.५ झालं.

छोट्या गावांचं तर विचारूच नका. जनगणना खात्याच्या दर वर्षीच्या सर्व्हेचे पाच वर्षांचे एकत्र आकडे घेतले तरी त्यात आकडा किती इकडेतिकडे असू शकतो याची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) दिलेली असते, ९० टक्के खात्रीची. समजा एखाद्या पाचशे वस्तीच्या गावाला १४ टक्के, अधिक-उणे ९ असं लिहिलंय, तर ते गाव पहिल्या दहात की पन्नासाव्या नंबरला हे तुम्हाला सांगताच येत नाही. शेजारची चार-पाच गावं एकत्र करा, आणि माणसांच्या आकड्यांच्या (टक्क्यांच्या नव्हे) मर्यादांची सरळ बेरीज करू नका, प्रत्येकीचा वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ. २०२० च्या मुख्य जनगणनेत तर खाजगीपणा जपायला लहान आकड्यांत मुद्दाम थोडी ढवळाढवळ केलेली आहे, मोठ्या ठिकाणी फरक पडत नाही, दोनशे वस्तीच्या ठिकाणी पडतो. आणि लाहैना यादीत असेल तर कृपया तो आकडा तसाच वापरू नका, १२,७०२ वस्ती ही २०२० ची आहे, ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत ते गाव जळलं, तिथली माणसं कुठे कुठे विखुरलीत. तिथे काम करायचं तर तिथल्या लोकांना विचारूनच.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी सुचवलंय की आडनावांवरून मोजा. अजिबात नको. हवाईत फिलिपिनो लोक भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची आडनावं स्पॅनिश आहेत कारण १८४९ मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने, क्लावेरियाने, लोकांना यादीतून आडनावं वाटली. १८७८ पासून मदेइरा-अझोर्सहून आलेले पोर्तुगीज आहेत, ते जनगणनेत हिस्पॅनिक धरत नाहीत. गोव्यातल्या फर्नांडिस-परेरांना कुणी स्पॅनिश म्हणेल का, तसंच.

मी आज परत हे काम केलं तर कसं करीन ते सांगते, घ्या किंवा सोडा. यादीतून लष्करी तळ आधी वेगळे काढीन. मग भाषेचं टेबल. मग फोन उचलून कोना आणि माउईतल्या चर्चमध्ये विचारीन की स्पॅनिश मिसा (प्रार्थना) कुठे होते, कधी होते, किती लोक येतात. शाळेत विचारीन की इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं कुठून आलीत. मळेवाल्यांना विचारीन तोडणी कधी सुरू होते. हे चार फोन मला सहा आठवड्यांच्या त्या ऑफिसच्या फेऱ्यांपेक्षा जास्त देऊन गेले, फक्त मी ते दुसऱ्या वर्षी केले.

एक बाजूची गोष्ट, बिग आयलंडवर जाणार असाल तर गांदुले राइस नक्की खा. गांदुले म्हणजे आपले तुरीचे दाणे, ओली तूर घालून केलेला शेंदरी रंगाचा भात, पोर्तोरिकन लोकांनी आणलेला आणि आता सगळ्यांचाच झालेला. त्या आजींनी मला शिबिराच्या दुपारी डबा दिला होता, मी म्हटलं आमच्याकडे हिवाळ्यात तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात तर त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याशी गप्पा मारता मारताच मला गावात खरी स्पॅनिश बोलणारी तीन घरं कुठली ते कळलं.

तुमची कोनाची फेरी कुठल्या महिन्यात ठरलीये ते कळवा. ऑगस्टच्या आधी असेल तर शक्य असल्यास पुढे ढकला आणि निदान अर्धी पत्रकं त्यासाठी राखून ठेवा.