डावखुऱ्याचा पोलो, तोही अर्जेंटिनात

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे ब्युनोस आयर्सला चाललायस, अकलूजला मामाच्या घोड्यावर लहानपणापासून बसतोस, तर तिकडे पोलो खेळता येईल का, आणि डावखुरा असल्यामुळे काही अडेल का. वयानं लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. टॉवेलच्या धंद्यापायी माझं परदेशी जाणं होतं आणि हे वेड मला तिकडेच लागलं.

आधी डाव्या हाताचं. काठी उजव्याच हातात धरायची, नियमच आहे. दोन घोडे समोरासमोरून एकाच चेंडूवर आले आणि दोघांनीही चेंडू उजव्या अंगाला ठेवला, तर ते एकमेकांच्या शेजारून सुखरूप निघून जातात. एकानं हात बदलला की टक्कर. तेव्हा आजपासून उजवा हात कामाला लाव. मी मागाच्या शेडमागं सुताराची लाकडी घोडी मांडायचो, तिच्यावर जुनी चादर घडी करून टाकायचो आणि वेताच्या काठीनं टेनिसचा चेंडू टोलवायचो. कामगार हसून बेजार. पण खांदा त्याच घोडीवर मोकळा झाला.

आता मुद्द्याचं. तिथं गेल्यावर 'मला घोडा येतो' असं म्हणू नकोस. मी म्हणालो होतो.

ब्युनोस आयर्सजवळच्या पिलारकडच्या एका मैदानावर त्यांनी मला एक घोडी दिली. तिकडे पोलोला बहुतेक घोड्याच असतात, शर्यतीच्या थरोब्रेड आणि तिथल्या क्रिओलो जातीच्या संकरातल्या. आयाळ भादरलेली, शेपटी वेणी घालून वर बांधलेली, काठी अडकू नये म्हणून. आपल्याकडे रेवाल चालीच्या घोड्यावर दोन्ही हातांनी लगाम धरून ऐटीत बसतात, मला तेवढंच ठाऊक. इथं सगळे लगाम एकट्या डाव्या हातात. लगाम मानेच्या डाव्या बाजूला नुसता टेकला की घोडी उजवीकडे वळते. थांबवायचं तर मागे बसायचं आणि हात किंचित उचलायचा. मी सवयीनं जोरात ओढला. घोडी जागच्या जागी थांबली, मी नाही थांबलो. गळपट्टीचं हाड मोडलं. घोडी शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती, ते अजून आठवतं.

वर विम्यानं हात वर केले. घोड्यावरचे खेळ पॉलिसीतून वगळलेले होते, बारीक अक्षरात. तू निघण्याआधी 'पोलो, सरावासकट' असं लेखी घे. फोनवरच्या 'हो सर, सगळं कव्हर आहे'वर जाऊ नकोस.

खरं तर पडण्याच्या आधीच मी दोन फाऊल करून बसलो होतो. चेंडू मारला की तो ज्या दिशेनं जातो ती रेघ धरायची. त्या रेघेवरून चेंडू उजवीकडे ठेवून जो येतोय, रस्ता त्याचा. त्याला आवरावं लागेल इतक्या जवळून आडवं गेलास की फाऊल. सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात आपण बिनदिक्कत गाडी घालतो ना, ती खोड इथंच ठेवून जा. खांद्याला खांदा लावून रेटायला मात्र परवानगी आहे, फक्त कोनात जाऊन धडकायचं नाही.

म्हणून पहिला आठवडा नुसता ताकेओ माग, म्हणजे एकट्यानं काठी-चेंडूचा सराव. मॅच नाही. आणि मोतद्दाराशी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याशी, गट्टी कर. त्याला तिकडे पेतिसेरो म्हणतात. कुठली घोडी नवख्याला सांभाळून घेते हे मालकापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं.

खर्चाचं विचारलंयस. शिकवणीपेक्षा घोड्यांचं भाडं अंगावर येतं. एक चक्कर, म्हणजे खेळाचा एक टप्पा, साधारण सात मिनिटांचा (हो, शब्द आपल्याकडचाच, इंग्रजांनी त्याचा चकर केला), पण त्या सात मिनिटांत घोडी घामानं निथळते. पुढच्या चक्कराला दुसरी लागते. चार चक्कर म्हणजे निदान दोन घोड्या. तेव्हा सांगितलेल्या रकमेत घोडे किती, हे आधी विचार.

हंगाम तुला बरोबर सापडलाय, तिकडे तेव्हा वसंत असतो. ब्युनोस आयर्समधल्याच पालेर्मोच्या मैदानावरची अर्जेंटाइन ओपनही नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते. 1893 पासूनची स्पर्धा आहे ती. खेळायला जमलं नाही तरी ती बघच. आठ-आठ चक्करांच्या मॅचेस असतात, चौघा-चौघांच्या दोन टीम आणि तीनशे यार्ड लांब मैदान. वाखरीच्या रिंगणात अश्व सुटला की पोटात जे होतं ना, तेच तिथं होतं.

काठी नेऊ नकोस, तिकडे मिळते. बूट मात्र आपले हवेत, टाच असलेले, रिकिबीतून पाय आरपार न जाणारे. माझे नऊ नंबरचे आहेत, बसत असतील तर घेऊन जा. हेल्मेट देणार नाही. त्या पडण्यात आपटलंय ते, तुझं नवीन घे.