गप्पा थांबल्या, की समजा वेग वाढलाय

प्रश्न : दोन वर्षं ग्रुपबरोबर धावते आहे. आठवड्यातले चार दिवस, आणि रविवार तर एकही चुकवत नाही. पण हाफ मॅरेथॉनची वेळ २ तास २० मिनिटांवरून हलायला तयार नाही. सरावाचा वेग किलोमीटरला ६:४० ते ६:५० मिनिटं असतो. सोमवारी अंग मोडून येतं. पाचवा दिवस वाढवू का?

नको. आधी आहेत त्या चार दिवसांकडे बघू. २१.१ किलोमीटरला २ तास २० मिनिटं म्हणजे किलोमीटरला साधारण ६:३८. तुमचा रोजचा सराव त्याच्या फार तर दहा-बारा सेकंदच मागे आहे. म्हणजे आठवड्यातून चार वेळा तुम्ही जवळजवळ शर्यतच धावताय आणि वर शर्यतीच्या दिवशी याहून जोरात धावता येईल, अशी आशा करताय.

हा मधला वेग फसवा असतो. घाम येतो, दम लागतो, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण शरीर सावरायला वेळ मिळू नये इतका तो जड असतो आणि तुमची वरची मर्यादा वाढावी इतका जोरकसही नसतो. लांब पल्ल्याचा पाया घातला जातो तो सावकाश धावण्यात. स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढते, चरबी इंधन म्हणून जास्त वापरली जाते. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा रोइंग असो, स्कीइंग असो की धावणं, त्यांची ८० टक्क्यांच्या आसपास सत्रं सोप्या वेगाची निघाली. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड तर ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही आठवड्यातून एकदा ३५ किलोमीटरच्या घरात पळवत. स्नेलने १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं.

तुमच्यासाठी सोपा वेग म्हणजे किलोमीटरला साडेसात ते आठ मिनिटं. चारपैकी तीन दिवस तेवढाच. चौथ्या दिवशी आधी पंधरा मिनिटं हळू धावून अंग मोकळं करा, मग तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं अगदी हळू, असं पाच वेळा. आठ-दहा आठवडे हे नेटाने करा आणि मधे वेळ तपासत बसू नका.

खरी अडचण ग्रुपची आहे. रविवारी जरा लक्ष ठेवा. पहिले दोन किलोमीटर सगळ्यांच्या गप्पा रंगलेल्या असतात. मग कुणीतरी अर्धं पाऊल पुढे जातं, शेजारचा नकळत ते अंतर भरून काढतो. वाक्यं तुटायला लागतात, मग नुसते हुंकार आणि मग फक्त बुटांचा आवाज. वेग वाढवायचं कुणीच ठरवलेलं नसतं, पण किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेकंद कमी झालेले असतात. त्यावर उपाय एकच: सोप्या दिवशी सर्वांत हळू धावणाऱ्याने पुढे राहायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागे. आणि दहा-बारा शब्दांचं वाक्य एका दमात बोलता आलं नाही, तर चढ असो की सपाटी, सरळ चालायला लागायचं.

प्रश्न : शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पाणी प्यावं का? तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, असं ऐकलंय.

ते विसरा. तहान लागली, की प्या. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना हा धोका जास्त होता. म्हणजे त्यांनी गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं होतं. हे जिवावर बेतू शकतं. स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं म्हणजे सुटलो, असंही नाही. एखाद्या लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करा. नंतरचा आकडा मोठा असेल, तर पुढच्या वेळी कमी प्या.

प्रश्न : धावायला लागून तीन महिने झाले. उजव्या नडगीत दुखतं. चार दिवस थांबलं की बरं वाटतं, धावलं की पुन्हा सुरू. ग्रुपमधले सीनियर म्हणतात, सगळ्यांचंच दुखतं, धावता धावता जाईल.

सीनियर मंडळींना तुमची नडगी दिसत नाही. बोटाने दाबून बघा. आतल्या कडेला चार बोटं किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूंची कुरबुर आहे. अंतर निम्म्यावर आणलं, पोटरीचे व्यायाम केले, की ती आवरते. पण एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर धावणं आजच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ते एक्स-रेवर बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला आणि दुखणं मात्र तसंच राहिलं, तर एमआरआयचं विचारा.

तीन महिन्यांच्या आसपासच हे का होतं? हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना महिने लागतात. दम पुरतो म्हणून आपण अंतर वाढवत जातो आणि हाड मागे राहतं. स्त्रियांनी आणखी एक करावं: पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. धावणं वाढलं आणि खाणं पुरेसं नसलं, तर पाळी आणि हाडं दोन्हींवर परिणाम होतो.

प्रश्न : वय ५२. घड्याळ माझी कमाल हृदयगती १६८ दाखवतं आणि शर्यतीत १७८ जाते. काळजी करू का?

छातीत दुखणं, चक्कर, धडधड असं काही नसेल, तर नाही. घड्याळाने २२० उणे वय एवढंच केलंय. ती सरासरी आहे, एखाद्याची खरी कमाल त्यापेक्षा दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असते. पट्टा सैल असेल, तर मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंही मोजतो, तेही तपासा. पन्नाशीनंतर एकदा डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, हा सल्ला घड्याळ नसलं तरी देईन.

प्रश्न : मी ग्रुपमध्ये कायम शेवटची. सगळे माझ्यासाठी ताटकळत उभे असतात, मला फार ओशाळं होतं. ग्रुप सोडून एकटीच धावू का?

एकटीने धावायला आवडत असेल, तर जरूर. पण ओशाळं होऊन सोडू नका. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली तेरा धावपटूंनिशी सुरू झालेली दर शनिवारची पाच किलोमीटरची धाव आज पार्करन म्हणून अनेक देशांत होते. तिथे एका स्वयंसेवकाचं कामच सर्वांच्या मागून येण्याचं असतं, त्यामुळे भाग घेणारं कुणी शेवटचं येतच नाही. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही ९० किलोमीटरच्या आसपासची शर्यत बारा तासांची असते. तिथे ठरलेल्या वेळेत पोचवणाऱ्या धावपटूच्या मागे मोठा घोळका चालतो-धावतो. त्या घोळक्याला तिथे 'बस' म्हणतात.

तुमच्या ग्रुपला एक साधी युक्ती सांगा. अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. सगळ्यांनी चाळीस मिनिटं पुढे जायचं आणि जिथे असाल तिथून परत फिरायचं. जोरात धावणारे लांब जातील, येताना तुम्हाला गाठतील आणि सगळे पाच-सात मिनिटांच्या फरकाने परत येतील. कुणी ताटकळायला नको. एवढं करूनही तुम्ही पोचायच्या आधीच ग्रुपचा फोटो काढून होत असेल, तर मात्र खुशाल दुसरा ग्रुप बघा.

प्रश्न : सहा महिने झटून पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. त्याला तीन आठवडे झाले, बुटांकडे बघवत नाही. मित्र म्हणतात पुढच्या वर्षीची नोंदणी कर, सवलत संपतेय. बायको म्हणते, आता तरी रविवारी घरी थांब.

बायकोचं ऐका. हे विनोदाने म्हणत नाहीये.

शर्यतीनंतर असं रितं वाटणं अगदी नेहमीचं आहे. सहा महिने रोज सकाळी काय करायचं ते तक्ता सांगत होता, आता सांगणारं कुणी नाही. ४२ किलोमीटरची झीज भरून यायलाही काही आठवडे जातात, त्यामुळे सगळं मनाचंच आहे असं समजू नका. मात्र झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर डॉक्टरांशी बोला.

आणखी दोन आठवडे धावू नका. मग घड्याळ घरी ठेवून, एकटे, वाटेल तेवढे धावा. कंटाळा आला तर परत फिरा. ग्रुपची आठवण येत असेल, तर एखाद्या रविवारी बाटल्या घेऊन पाणी द्यायला उभे राहा. आणि सवलतीचं म्हणाल, तर ती दर वर्षी संपते आणि दर वर्षी परत येते.

घरच्या नाराजीचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला मात्र तोच मुख्य मुद्दा वाटतो. मॅरेथॉनची तयारी घरातल्या सगळ्यांचे रविवार घेते: सकाळ धावण्यात आणि दुपार झोपण्यात. पुढच्या वेळी नोंदणीचं पान उघडण्याआधी दोघांनी मिळून कॅलेंडर उघडा आणि कोणते रविवार घरचे, ते आधी ठरवा. यंदा १० किलोमीटरची शर्यत घ्या. तिची तयारी आठवड्यातल्या तीन दिवसांत होते आणि रविवारी घरची मंडळी उठायच्या आत परतता येतं.