वाचकांचे प्रश्न : झोळीतल्या बाळाचा हक्क

प्रश्न : सुरगाण्याहून द्राक्षाच्या हंगामाला आमच्या बागेत आलेल्या जोडप्याचे पावणेदोन वर्षांचे मूल दिवसभर बांधावरच्या साडीच्या झोळीत असते. अंगणवाडीत आहार मागितला, तर ‘त्याचे नाव तिकडच्या गावी आहे’ असे सांगितले गेले. आंतरराष्ट्रीय कायद्यातील बालकाच्या जगण्याच्या हक्कात हे बसते का? (एक वाचक, निफाड तालुका, जि. नाशिक)

उत्तर : निश्चित बसते. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केलेल्या बालहक्क संहितेचे सहावे कलम बालकाचा जगण्याचा उपजत हक्क मान्य करून थांबत नाही. बालक तगावे आणि त्याचा विकास व्हावा यासाठी शक्य ते सर्व करण्याची जबाबदारीही ते शासनावर टाकते. या विकासात शारीरिक वाढीबरोबर मानसिक आणि सामाजिक वाढही येते, असे संहितेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. मूल दगावले नाही, एवढ्याने ही जबाबदारी पार पडली असे म्हणता येत नाही.

आपल्या प्रश्नाला थेट भिडते ते दुसरे कलम. त्यानुसार हे हक्क शासनाच्या अधिकारक्षेत्रातील प्रत्येक बालकाला, कोणताही भेदभाव न करता, मिळाले पाहिजेत. नाव कोणत्या गावच्या नोंदवहीत आहे, यावर पावणेदोन वर्षांच्या बाळाची भूक ठरत नाही, आणि ते उत्तर ऐकून परत फिरलेल्या आईला हे कोणीतरी ठामपणे सांगायला हवे होते.

आंतरराष्ट्रीय करार आपल्याकडे आपोआप देशाचा कायदा होत नाही. त्यामुळे अर्ज करताना आधार घ्यावा तो राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याचा. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना स्थानिक अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहार मिळण्याचा हक्क त्याच्या पाचव्या कलमात आहे, आणि ‘स्थानिक’ हा शब्द मूल सध्या जिथे राहते तिथल्या अंगणवाडीलाच लागू पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर याच कायद्याखालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे जावे.

त्याआधी सेविकाताईंना बाळाचा दंडघेर मोजायला सांगा. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे दंड मोजण्याची रंगीत पट्टी तीव्र कुपोषण दाखवणाऱ्या लाल रंगावर आली, तर अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता बाळाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.